वेगळी चूल मांडण्याआधी

पत्राचा सारांश

डेटा फाइल वाचणाऱ्या एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, लायब्ररीत (इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडच्या संचात) एक वाचक भगिनी चार वर्षं काम करत आहेत. कोड लिहितात, इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, निस्तरतात, नवख्यांना हात देतात. मर्ज करण्याचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये सामील करून घेण्याचा, अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही. तो दोघा मेंटेनरांकडे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे, आहे, आणि त्यातले एक जण हल्ली फारसे फिरकत नाहीत. मोठ्या फाइल तुकड्या-तुकड्यांनी वाचता याव्यात म्हणून त्यांनी तीन महिने खपून लायब्ररीचा गाभाच नव्याने लिहिला आणि साडेतीन हजार ओळींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल सामील करून घ्या अशी विनंती, पाठवली. दोन महिने काहीच उत्तर नाही. मग मुख्य मेंटेनरांनी "हे या प्रकल्पात बसत नाही" एवढंच लिहून ती बंद केली. या भगिनींनी लिहिलं, "प्रकल्प तुमच्या एकट्याच्या मालकीचा नाही. कारण सांगायची हिंमत तरी दाखवा." त्यावर उत्तर आलं, "दहा वर्षं रात्री जागून मी हे सांभाळलंय, तेव्हा तुम्ही कुठे होता?" शब्दाने शब्द वाढला, दोन तट पडले. या सगळ्याशी काडीचा संबंध नसलेल्या एका नवख्याने "इथलं वातावरण बघून धीर होत नाही" असं लिहून आपली पहिलीच पुल रिक्वेस्ट मागे घेतली. आता अकरा जण म्हणताहेत, फोर्क करू, म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतंत्र प्रकल्प सुरू करू. त्या विचारतात: "बहुमत माझ्या बाजूने आहे, कोड चालतोय, वेगाचे आकडे समोर आहेत. फोर्क करू, की सगळंच सोडून देऊ?"

उत्तर

तुमचा राग रास्त आहे, हे आधी सांगते. तीन महिन्यांच्या कामाला दोन महिने उत्तर नाही आणि मग एका ओळीत नकार, हे कुणालाही लागेल. पण तुम्ही स्वतःपुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत आणि दोन्ही वाटांवर त्या माणसाशी पुन्हा बोलायची वेळ येत नाही. म्हणून वाटांकडे वळण्याआधी तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या काही गोष्टी तपासून बघू.

त्यांनी तुम्हाला मुद्दाम अडवलं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमची पुल रिक्वेस्ट त्यांच्या बाजूने उघडून बघा. साडेतीन हजार ओळी, त्याही गाभ्यातल्या. जुनं-नवं शेजारी ठेवून फरक बघण्याचा उपयोग नाही, कारण जुनं जवळजवळ उरलेलंच नाही. सगळी नवी रचना आधी डोक्यात बसवायची, मग तिच्यातल्या चुका शोधायच्या. नोकरी सांभाळून संध्याकाळचा तासभर काढणाऱ्या माणसाला हे कित्येक आठवड्यांचं काम आहे. आणि मर्ज केल्यावर? कुणाची फाइल अर्धवट वाचली जाईल, कुणाचा प्रोग्राम मध्येच बंद पडेल, आणि ते इश्यू कुणापुढे येऊन पडतील? रिक्वेस्टसोबतचं वर्णन तुम्ही मला पाठवलंत, ते मी वाचलं. वेग किती वाढला, मेमरी किती वाचली, जुन्या रचनेत काय खटकत होतं, सगळं मुद्देसूद आहे. मर्ज झाल्यावर हा कोड कोण सांभाळणार, याबद्दल त्यात एक शब्दही नाही.

माझ्या मते तुमच्या भांडणाचं मूळ इथे आहे. कोड देणाऱ्याचं काम मर्ज झालं की संपतं आणि मेंटेनरचं तिथून सुरू होतं. "तेव्हा तुम्ही कुठे होता" हे वाक्य तुम्हाला अपमान वाटला, आणि शब्द कडवट आहेतच. मला त्यात थकलेला माणूसही ऐकू येतो.

इथे एक्सझेडचं प्रकरण आठवा, कारण त्यानंतर मेंटेनर लोकांची नजर बदलली आहे. लिनक्स या संगणक प्रणालीच्या बहुतेक वितरणांत (तयार संचांत) असलेलं हे फाइल आकुंचित करण्याचं साधन वर्षानुवर्षं मुख्यतः एकाच माणसाने सांभाळलं. २०२२ मध्ये त्याच्यामागे अनोळखी खात्यांचा तगादा लागला: पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, का घेत नाही, इतका उशीर का, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, असं त्याने तेव्हा मोकळेपणाने सांगितलं होतं. मदतीला आलेल्या एकाकडे हळूहळू अधिकार गेले आणि २०२४ मध्ये त्याच खात्यावरून रिलीजमध्ये, म्हणजे लोकांना वापरायला दिलेल्या आवृत्तीत, चोरवाट घुसवली गेली. एका अभियंत्याला रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला, म्हणून ती सापडली. तुमचा हेतू स्वच्छ आहे, यात शंका नाही. पण गाभ्यातला मोठा बदल आणि त्यामागे लोकांचा गलका असं एकत्र दिसलं, की सावध होणं हे आता मेंटेनरचं कर्तव्यच झालं आहे.

म्हणून त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही. कारण द्यायला ते बांधील आहेत. अपाचे फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत कोडच्या बदलावर अधिकार असलेल्या कुणी उणे एक, म्हणजे विरोधी, मत दिलं तर बदल अडतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावंच लागतं. कारण नसलेला नकार तिथे ग्राह्य धरत नाहीत. "बसत नाही" हे कारण नव्हे. ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तुम्ही कारण मागताना हिंमत काढलीत आणि त्यांनी हिंमतीला उत्तर दिलं. कारण राहूनच गेलं.

आता बहुमत. अकरा जण तुमच्या बाजूने आहेत म्हणजे मुद्दा सुटला, असं तुम्ही धरलं आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था निर्णय मतं मोजून घेतच नाही. ती ढोबळ सहमती शोधते, आणि तिचा अर्थ आरएफसी ७२८२ या २०१४ च्या दस्तऐवजात फार नेमका मांडला आहे: आक्षेप किती जणांचा आहे याला महत्त्व नाही, त्या आक्षेपाचा विचार होऊन त्याला उत्तर दिलं गेलं का, याला आहे. एकाच माणसाचा आक्षेप असेल आणि त्याला कुणाकडे उत्तर नसेल, तर शंभर जणांच्या होकारानेही सहमती होत नाही. तुमच्याकडे अकरा होकार आहेत. आक्षेप काय आहे, हे मात्र अजून तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

निसटत्या मतांनी लागलेला निकाल किती महाग पडतो, ते डेबियन या लिनक्स वितरणाच्या समुदायाने अनुभवलं आहे. संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारं सिस्टिमडी स्वीकारायचं का, यावर २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. निकाल तांत्रिकदृष्ट्या योग्य असेलही. पण वर्षभर धुसफूस चालली, समितीतल्या काही अनुभवी सदस्यांनी त्याच वर्षाअखेर पद सोडलं, काही लोकांनी डेव्हुआन नावाचं वेगळं वितरण काढलं, आणि २०१९ मध्ये त्याच विषयावर सगळ्या सदस्यांना पुन्हा मतदान करावं लागलं.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी उणीव दिसली ती अशी: तुमच्या प्रकल्पात मतभेद झाला तर निर्णय कसा घ्यायचा, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं नसलं की प्रत्येक मतभेद माणसावर घसरतो, कारण बोट ठेवायला दुसरं काही नसतंच. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांना हे मोठ्या धक्क्यानंतर उमगलं. २०१८ मध्ये पेप ५७२ या प्रस्तावात सुचवलेल्या भाषेतल्या एका लहानशा बदलावरून इतकी जुंपली, की प्रस्ताव मंजूर झाल्यावर भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णय घेण्याच्या भूमिकेतूनच निवृत्ती घेतली. आपला वारस त्यांनी नेमला नाही. मग त्या समुदायाने जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. दुसरा प्रमुख निवडायची घाई न करता त्यांनी आधी कारभार कसा चालावा याचेच निरनिराळे प्रस्ताव मागवले, त्यावर मतदान घेतलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं सुकाणू मंडळ निवडलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात नसावेत, हेही लिहून ठेवलं. मतभेद तिथे आजही होतात, पण ते कुणाकडे न्यायचे हे सगळ्यांना माहीत असतं.

तुमचा प्रकल्प लहान आहे, तुम्हाला मंडळ नको. एक पान पुरे. मोठा बदल लिहायला घेण्याआधी त्याचा प्रस्ताव मांडायचा. मेंटेनरने ठरावीक दिवसांत निदान "पाहिलं, अमुक तारखेपर्यंत बघतो" एवढं तरी कळवायचं. नकार दिला तर कारण द्यायचं. दोन मेंटेनरांत एकमत नसेल तर कुणाचा शब्द शेवटचा, ते नोंदवायचं. यातली पहिली गोष्ट तुमच्यासाठी आहे, हे ध्यानात घ्या. तीन महिने एकटीने खपण्याआधी रचनेचं एक टिपण मांडलं असतंत, तर नकार पहिल्याच आठवड्यात कळला असता, किंवा कदाचित आलाच नसता.

आणि तो नवखा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते तेच. तुम्ही दोघं भांडायला तरी उभे आहात, कारण तुमची तिथे वर्षं गेली आहेत. तो उंबऱ्यातूनच परत गेला. त्याला आजच दोन ओळी लिहा: तुमचा पॅच मी बघते, या वादाशी त्याचा संबंध नाही. यासाठी मर्जचा अधिकार लागत नाही. स्पष्ट बोलायचं तर शब्द टोचणारच, कोडचा दर्जा राखायचा तर कठोर व्हावंच लागतं, असं अनेकांना मनापासून वाटतं. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, जगात तर ही रीतच मानली जायची. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. कर्नलमध्ये पॅच आजही नाकारले जातात, रोज. दर्जा घसरला नाही, आणि तिथलं सगळं आलबेल झालं असंही नाही. पण वाईट पॅचला वाईट म्हणताना माणसाला मूर्ख म्हणण्याची गरज नसते, हे तिथेही मान्य करावं लागलं.

आता काय करायचं ते. भांडणाच्या धाग्यावर आता एक अक्षरही लिहू नका, आणि तुमच्या बाजूच्या अकरा जणांनाही थांबायला सांगा. त्यांचं प्रेम आहे, पण तिथे पडणारी प्रत्येक पाठिंब्याची खूण समोरच्याला घेराव वाटते. मग त्या मेंटेनरांना खासगीत लिहा. मी साधारण असं लिहीन:

"तुमच्या नकाराचं कारण मला समजून घ्यायचं आहे. मी फार मोठा बदल एकदम समोर टाकला आणि तो पुढे कोण सांभाळणार हे लिहिलंच नाही. आता असं सुचवते: तुकड्यांनी वाचणारा कोड वेगळ्या मॉड्युलमध्ये ठेवू, मुळात बंद, ज्याला हवा तो चालू करेल. पुढच्या दोन रिलीजपर्यंत त्यावरचे इश्यू मी आणि आणखी दोघे बघू, नावं खाली देते. आम्हाला नाही जमलं तर मॉड्युल काढून टाका, माझी हरकत नसेल. यात तुम्हाला कुठली अडचण दिसते? हिंमतीबद्दलचं वाक्य मी लिहायला नको होतं, ते मागे घेते."

दिलगिरी शेवटी आहे, एका वाक्याची आहे, आणि तिच्यापुढे "पण तुम्हीही" नाही. तो मोह आवरा. त्यांचं चुकलं ते त्यांना कळत असेल, आणि कळत नसेल तर या पत्रातून कळणारही नाही. "अडचण दिसते का" असं विचारलं की "हो, दिसते" एवढ्यावर उत्तर थांबू शकतं, म्हणून "कुठली" विचारा. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष बोलून घ्या, फोनवर का होईना. आवाज ऐकू आला की निम्मी अढी तिथेच सैल होते. मात्र जे ठरेल ते नंतर सगळ्यांना दिसेल असं थोडक्यात लिहून टाका, नाहीतर बाकीच्यांना वाटेल की पडद्याआड काहीतरी शिजलं.

दुसरे मेंटेनर, जे फारसे फिरकत नाहीत, त्यांना तुम्ही पत्रात एका ओळीत निकालात काढलं आहे. मला ते महत्त्वाचे वाटतात. दोघांचा विश्वास असलेला माणूस मध्ये बसला तर बोलणं सोपं जातं, आणि असा माणूस तुमच्याकडे आहे. फक्त त्यांच्या हातून परस्पर मर्ज करून घेऊ नका. कोड आत जाईल, पण पुन्हा एकत्र काम होणार नाही.

तोवर तुमचे साडेतीन हजार ओळींचे तुकडे करा. सुरुवात आजची लायब्ररी जशी वागते तशी तपासणाऱ्या टेस्टपासून करा. त्यांना विरोध करायचं कुणाला कारण नाही आणि उपयोग सगळ्यांना आहे. मग वागणूक न बदलता केलेली आवराआवर. त्यानंतर नवं मॉड्युल. कर्नलमध्ये तर दंडकच आहे, एका पॅचमध्ये एकच, स्वतःत पूर्ण बदल, आणि प्रत्येक पॅचनंतर सगळं बिल्ड झालं पाहिजे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार झाला पाहिजे. तिथे मेंटेनर्स नावाची एक फाइलही असते, कोणता भाग कोण बघतं ते तिच्यात नावानिशी लिहिलेलं. तुमच्या मॉड्युलपुढे तुमचं नाव असं लिहायची तयारी दाखवा. त्या नावामुळे पारडं फिरलेलं मी पाहिलं आहे.

एवढं करूनही कारण मिळालं नाही, तर फोर्क करा. फोर्क म्हणजे द्रोह असं काही लोक मानतात, मला ते पटत नाही. परवानगीची वाट न बघता वेगळी चूल मांडता येणं हाच तर मुक्त परवान्याचा गाभा आहे. १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) बंदिस्त कारभाराला कंटाळून काही जणांनी ईजीसीएस काढलं, आणि १९९९ मध्ये तेच अधिकृत जीसीसी झालं. जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्राम सर्व्हरवर चालवणाऱ्या नोड जेएसमधून २०१४ च्या अखेरीस आयओ जेएस फुटलं. रिलीज रखडले होते आणि एकाच कंपनीच्या हाती सगळं होतं. आयओ जेएसने खुला कारभार करून दाखवला आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये नोड ४ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले, तोच खुला कारभार ठेवून. या दोन्ही ठिकाणी तक्रार नेमकी होती आणि ती दूर करता येण्याजोगी होती. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगची २०११ मधली फूट मात्र माणसांवरून, नावावरून, अधिकारांवरून झाली. लिबॅव्ह वेगळं निघालं, वर्षानुवर्षं तेच काम दोन घरांत होत राहिलं. दोन्ही बाजू जुळाव्यात या आशेने एफएफएमपेगच्या प्रमुखांनी २०१५ मध्ये पद सोडलं, तरी त्या एक झाल्या नाहीत. लिबॅव्ह पुढे थंडावलं.

म्हणून फोर्कआधी त्या अकरा जणांना एकेकट्याने विचारा: पुढची दोन वर्षं आठवड्याचे किती तास देशील? सुरक्षेची तक्रार मध्यरात्री आली तर कोण उघडेल? मूळ प्रकल्पातल्या दुरुस्त्या दर महिन्याला आपल्याकडे कोण आणेल? अकरांपैकी किती उरतात ते बघा. तीन उरले तरी फोर्क तगू शकतो. एकट्या तुम्ही उरलात तर तुम्हीही दहा वर्षांनी रात्री जागत बसाल आणि कुणीतरी तुम्हाला हिंमतीबद्दल विचारेल.

सोडून जाणं हाही मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. आणि हे सगळं मी मतभेदाबद्दल लिहिते आहे. कुणी सतत पाणउतारा करत असेल, वैयक्तिक संदेशांतून धमकावत असेल, तर समजुतीची जबाबदारी तुमच्यावर नाही. तेव्हा संदेश जपून ठेवा, जबाबदार व्यक्तींकडे तक्रार करा आणि स्वतः दूर व्हा.

हे पत्र काही मेंटेनरही वाचत असतील. तुमच्याकडे वेळ नसतो, तो कुणी मागूही नये. पण "सध्या बघायला जमणार नाही" हे सांगायला एक मिनिट लागतं आणि त्याने समोरच्याचे दोन महिने वाचतात. नकाराचं खरं कारण "हे सांभाळायचं बळ माझ्यात नाही" असं असेल, तर तसंच लिहा. ते अत्यंत सन्माननीय कारण आहे, आणि ते वाचून लोक मदतीला येतात. "बसत नाही" वाचून ते भांडायला येतात.

भगिनी, पत्र पाठवल्यावर महिनाभर थांबा. उत्तर आलं तर आधी टेस्टचा तुकडा पाठवा, मॉड्युलची घाई नको. नाहीच आलं, तर फोर्कला नवं नाव द्या, जुन्या नावाशी गोंधळ होईल असं नको. मूळ परवाना, प्रताधिकाराच्या ओळी आणि कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, सगळा इतिहास जसाच्या तसा ठेवा. रीडमी या परिचयाच्या फाइलच्या सुरुवातीला मूळ प्रकल्पाचं नाव आणि मेंटेनरांचे आभार लिहा, आणि वेगळं होण्याचं कारण दोन वाक्यांत, कुणाला दोष न देता. मूळ प्रकल्पातही आढळणारी चूक तुमच्याकडे दुरुस्त झाली, की तो पॅच त्यांनाही पाठवत जा. घेतील, न घेतील.